सतराशे चार

माझ्या मोबाइलमध्ये तिचे नाव अजूनही ‘ए-१७०४’ असेच आहे. मध्यंतरी फोन बदलला आणि जुन्या फोनमधले क्रमांक नव्यात आणताना लक्षात आले, की आमच्या सोसायटीतल्या एकोणीस बायका माझ्याकडे घराच्या क्रमांकाने नोंदलेल्या आहेत, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींची स्वतःची नावे मला आजही सांगता येणार नाहीत. त्यांची मुले कोणत्या शाळेत आहेत, कोणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, कोणाच्या सासूबाईंचे गुडघे बदलले आहेत, हे सगळे माहीत आहे. नाव तेवढे राहून गेले आहे. त्यांच्या फोनमध्येही मी बहुधा ‘ए-९०२’ अशीच असेन. सतराशे चारचे नाव मला आता अर्थातच ठाऊक आहे, पण ते इथे लिहायचे नाही असे तिने बजावले आहे. ‘सतराशे चारच बरं आहे, गाडीच्या नंबरासारखं वाटतं,’ असे तिचे म्हणणे.

मूल झाल्यावर नव्या मैत्रिणी होत नाहीत, फक्त ओळखी होतात, असे मी बरीच वर्षे मानत होते आणि इतरांनाही ऐकवत होते. आता तसे वाटत नाही. मैत्रीला लागणारा वेळ आईजवळ नसतोच असे नाही. तो अखंड नसतो. तो दहा-बारा मिनिटांच्या तुकड्यांनी येतो, आणि तुकड्यांना आपण वेळ म्हणून मोजत नाही, इथे माझा हिशेब चुकत होता.

माझे बालपण डोंबिवलीतल्या एका चाळीत गेले. चाळीच्या आठवणींनी गहिवरून येणाऱ्या लिखाणाचा मला थोडा कंटाळा आहे, आणि माझ्या आईला तर फारच आहे. लेक तीन महिन्यांची असताना मी माहेरी होते. एका दुपारी आळिवाची खीर ढवळत असलेल्या आईला मी म्हटले, ‘तुमचं बरं होतं, दार उघडलं की मैत्रिणी होत्या.’ तिने गॅस बारीक केला आणि म्हणाली, ‘मैत्रिणी कुठल्या? शेजारणी होत्या. शेजारीण निवडता येत नाही, आणि तिच्याशी भांडून चालत नाही, कारण नळ एकच असतो.’ तिची खरी मैत्रीण लग्नाआधीची होती, साताऱ्याला दिलेली, आणि तिला ती वीस वर्षांत चारदा भेटली होती. चाळीतल्या बायकांचे एकमेकींवाचून अडत असे, हे मात्र तिने मान्य केले. अडण्यातून येणारे जे काही असते त्याला ती मैत्री म्हणायला तयार नव्हती. मी आता म्हणते.

त्या शेजारणींची एक भिशी होती. बाराजणी, दरमहा प्रत्येकी शंभर रुपये, आणि चिठ्ठी निघेल तिला त्या महिन्याचे बाराशे. चिठ्ठी उचलायला लहान मूल लागे, आणि मी पहिल्या खोलीत राहत असल्यामुळे ते काम बहुतेकदा माझ्याकडे येई. त्या पैशांतून कुणाचा मिक्सर आला, कुणाच्या मुलाची फी भरली गेली. पण आज विचार करताना मला त्या व्यवहाराची वेगळीच बाजू दिसते. भिशीला जाण्यासाठी घरात कारण द्यावे लागत नसे. ‘जरा बोलायला जाते’ असे सांगून संध्याकाळी दोन तास बाहेर बसणाऱ्या सुनेला ऐकून घ्यावे लागले असते. ‘भिशीचे पैसे भरायचे आहेत’ म्हटल्यावर सासूही गप्प बसे, कारण एक महिना चुकवला तर नाचक्की होई. हळदीकुंकू, भोंडला, श्रावणातली मंगळागौर यांचेही थोडेफार तसेच. जागरण मंगळागौरीच्या नावाने व्हायचे, म्हणून झिम्मा-फुगड्या घालत रात्र काढता यायची. बायकांनी एकत्र बसावे यासाठी आपल्याकडे देवाला किंवा पैशाला मध्ये घ्यावे लागत असे. आमच्या पिढीने हे मधले सगळे काढून टाकले आणि मग ‘भेटूया ग एकदा’ एवढेच उरले.

लग्नानंतर मी घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या अलीकडे, सत्तावीस मजली इमारतीत राहायला आले. इमारत चांगली आहे. पाणी चोवीस तास, पोडियमवर, म्हणजे वाहनतळाच्या गच्चीवर, बाग, मुलांना घसरगुंडी, मागे येऊरचे डोंगर. पण माणसाने माणसाजवळ थांबावे अशी जागा मात्र तिच्यात कुणी आखलेली नाही. लिफ्टमध्ये नवव्या मजल्यापर्यंत जायला अर्धा मिनिटही लागत नाही, आणि तेवढ्या वेळात सगळे आकड्यांकडे बघत उभे असतात. पदवीला समाजशास्त्र असल्यामुळे मला एक जुना अभ्यास आठवत असे. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत कोणाची कोणाशी मैत्री होते हे तपासले होते, आणि १९५० मध्ये ते पुस्तकरूपाने आले. एकाच मजल्यावर अगदी शेजारच्या दारातल्यांपैकी ४१ टक्के लोकांनी एकमेकांना जवळचे म्हटले, तर त्याच मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्के होते. जिन्यापाशी किंवा टपालपेट्यांपाशी ज्यांचे दार होते त्यांना मित्र जास्त होते, कारण येणारे-जाणारे सारखे समोर पडत. परीक्षेपुरते पाठ केलेले हे आकडे मला खऱ्या अर्थाने समजले ते टॉवरमध्ये राहायला आल्यावर, कारण आमच्या जिन्याने फक्त आग लागल्याची घंटा वाजते तेव्हाच लोक जातात, आणि टपालपेटीत विजेच्या बिलाखेरीज काही येत नाही.

लेक झाली ऑगस्ट २०१८ मध्ये. आदल्याच वर्षी प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांची झाली होती, त्यामुळे आमच्या कार्यालयातल्या मोठ्या बाया ‘तुमची चैन आहे’ असे म्हणत, आणि ते खरेही होते. त्या सव्वीसांपैकी तीन आठवडे आधी गेले, तेरा माहेरी गेले, आणि उरलेले दहा मी या नवव्या मजल्यावर काढले. त्या दहा आठवड्यांबद्दल मी फार बोलत नाही. बाळ उत्तम होते, दूध भरपूर होते, नवरा रात्री उठत होता, तक्रारीला जागा नव्हती. आणि तरीही दुपारी दोन ते पाच या वेळात मी गॅलरीत उभी राहून खालच्या रस्त्यावरचे कंटेनर मोजत असे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार विकसनशील देशांत बाळंतपणानंतर जवळजवळ पाचपैकी एका बाईला मानसिक आजाराचा, मुख्यतः नैराश्याचा, त्रास होतो. नेमका आकडा १९.८ टक्के. मला झाले ते त्या मोजणीत बसले असते की नाही कोण जाणे, कारण मी कुणाला दाखवलेच नाही. आज कुणी मला तसे सांगितले तर मी तिला आधी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक देईन आणि मग गप्पा मारायला बसेन. मैत्रीण ही औषधाच्या जागी नसते, तिने नेऊन बसवायचे असते.

त्या दहा आठवड्यांत पोडियमवर काही आया भेटू लागल्या होत्या. संध्याकाळी पाचला सगळ्या प्रॅम घेऊन खाली येत. मी रजा संपवून ऐरोलीच्या कार्यालयात परत रुजू झाले आणि ते पाचचे जगच बंद झाले. ठाणे ते ऐरोली हा गाडीचा प्रवास दहा-बारा मिनिटांचा आहे, पण घोडबंदर रोडवरून ठाणे स्टेशन गाठायलाच पाऊण तास ते दीड तास लागतो, त्यामुळे पाळणाघरातून लेकीला घेऊन घरी पोचेपर्यंत साडेसात होत. शनिवारी खाली गेले तर त्यांच्या बोलण्यातले संदर्भ मला कळत नसत. एकदा एका मुलाचा वाढदिवस झाला, सगळ्या गेल्या, मला कळले ते फोटोंवरून. ‘तू ऑफिसला असतेस ना, म्हणून सांगितलं नाही,’ असे नंतर एकीने सहज सांगितले. वाढदिवस रविवारी होता. मी हसले, वर आले, आणि भांडी घासायला बाई येत असूनही सगळी भांडी स्वतः घासली.

सतराशे चार माझ्या आयुष्यात आली ती एप्रिल २०२० मध्ये, आणि तीही स्वतः नाही, तिची वाटी आली. टाळेबंदी होती, खाली उतरायची सोय नव्हती, दूध मिळत होते पण दही मिळत नव्हते, आणि माझे विरजण संपले होते. रात्री दहाला सोसायटीच्या ग्रुपवर मी विचारले, ‘कोणाकडे विरजण आहे का?’ त्या ग्रुपवर तेव्हा काढे, अफवा आणि फुलांची चित्रे यांचा पूर आलेला होता, त्यामुळे उत्तराची आशा नव्हती. दोन मिनिटांत ए-१७०४ कडून आले, ‘लिफ्टमध्ये ठेवते. नववा दाबते.’ मी दारात मास्क लावून उभी राहिले. लिफ्ट आली, दार उघडले, आत कुणी नाही. मधोमध झाकण लावलेली एक स्टीलची छोटी वाटी. तिच्यावर चिकटपट्टीने लावलेल्या चिठ्ठीत लिहिले होते, ‘आंबट आहे, थोडंच घाला.’

आनंदावर विरजण पडले, असे आपण म्हणतो. भाषेने या बिचाऱ्या पदार्थाला का बदनाम केले ते कळत नाही. घरात विरजण नसेल तेव्हाच त्याची किंमत कळते.

वाटी रिकामी परत करायची नाही हे आईने शिकवलेले असल्यामुळे मी तिच्यातून शिरा पाठवला. दोन दिवसांनी त्याच लिफ्टने त्याच वाटीतून लसणाची चटणी आली. टाळेबंदी उठेपर्यंत ती वाटी नवव्या आणि सतराव्या मजल्यांमध्ये किती वेळा फिरली ते मोजले नाही. आम्ही बोलत नव्हतो. चिठ्ठ्या असत, त्याही कामाच्या. ‘मिरची तिखट आहे, मुलाला देऊ नका’ या वाक्यावरून तिला मूल आहे हे कळले. दोघीही एकमेकींना ‘तुम्ही’ म्हणत होतो. पुढे सगळे सुरू झाले तशी वाटी माझ्याकडेच राहिली, आणि परत करायला हवी ही टोचणी मनात घेऊन मी दीड वर्ष काढले.

मग जून २०२२ मध्ये शाळा पूर्ववत सुरू झाल्या, लेक शाळेच्या बसने जाऊ लागली, आणि गेटवर एक बाई मुलाच्या बुटाची नाडी बांधता बांधता मला म्हणाली, ‘नऊशे दोन ना? माझी वाटी आहे तुमच्याकडे.’

बसची वेळ सात वाजून पाच मिनिटांची. बस येते सात सतराला. याचे श्रेय उरणच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून गुजरातकडे निघालेल्या कंटेनरना, मेट्रोच्या खांबांना आणि घोडबंदर रोडवरच्या खड्ड्यांना द्यावे लागेल. याच रस्त्याला मी रोज शिव्या देते, पण माझ्या आयुष्यातली एक मैत्री त्याने घडवली आहे हे नाकारता येत नाही. बस वेळेवर येत असती तर आम्ही मुलांना चढवून, हात हलवून, दोन दिशांना गेलो असतो.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा २०१८ मधला एक अभ्यास मी नंतर वाचला. नव्या गावी राहायला गेलेले प्रौढ आणि कॉलेजात नव्याने आलेले विद्यार्थी यांना त्यांनी विचारले होते, की नव्याने भेटलेल्या माणसाबरोबर किती वेळ घालवला आणि नाते कुठवर आले. नुसत्या ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे ५० तास, मित्र म्हणावे इथवर यायला ९० तास आणि जिवलग व्हायला २०० हून अधिक तास, असा साधारण हिशेब निघाला. कामानिमित्त शेजारी बसून काढलेले तास त्यात फारसे उपयोगी पडत नाहीत, हे वाचून मला कार्यालयातल्या अकरा वर्षांचा उलगडा झाला. मी लगेच कागदावर आकडेमोड केली. रोज बारा मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे आठवड्याला एक तास. शाळेचे आठवडे वर्षाला साधारण चाळीस. म्हणजे दोनशे तासांना पाच वर्षे. हे गणित मी सतराशे चारला दाखवले तेव्हा ती म्हणाली, ‘म्हणजे आपण अजून जिवलग नाही. एकशे चाळीसच झाले.’ ती घरून छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहिते, त्यामुळे अशा बाबतीत काटेकोर आहे.

पण त्या बारा मिनिटांत काय होते हे सांगायला हवे, कारण नुसते उभे राहणे म्हणजे ते नव्हे. आमचे एकही बोलणे आजवर पूर्ण झालेले नाही. वाक्याच्या मध्यावर पाण्याची बाटली वर राहिल्याचे आठवते, कुणाचा तरी पट्टा सुटतो, बस येते. सुरुवातीला मला याचा त्रास व्हायचा. कॉलेजात असताना मैत्री म्हणजे तलावपाळीच्या कट्ट्यावर चार चार तास बसणे हेच ठाऊक होते. नंतर कळले की अर्धवट राहिलेले वाक्यच दुसऱ्या दिवशी आम्हाला एकमेकींकडे ओढून नेते. ‘हां, तर काल काय सांगत होतीस?’ असे विचारायला कुणीतरी असणे, एवढ्यासाठी मी कित्येकदा लेकीच्या आधी तयार होऊन खाली गेले आहे. ‘तुम्ही’चे ‘तू’ कधी झाले ते आम्हा दोघींनाही सांगता येत नाही.

खरे वळण मात्र त्यापुढच्या वर्षी जुलैत आले. दुपारपासून पाऊस कोसळत होता. मी ऐरोलीत, नवरा पुण्याला, पाळणाघराच्या बाई आजारी म्हणून लेक शाळेच्या बसने थेट घरी येणार आणि मी अर्धा दिवस रजा टाकून तिच्या आधी पोचणार, अशी आखणी होती. गाड्या थांबल्या. विटाव्याला रेल्वेपुलाखाली पाणी भरल्यामुळे कळव्याकडून रस्ताही बंद. बस सोसायटीच्या गेटवर पोचायला वीस मिनिटे उरली होती आणि मी फोन हातात घेऊन पाच मिनिटे नुसती उभी होते. कुणाला सांगायचे, हा प्रश्न नव्हता; सतराशे चार घरी असते हे मला माहीत होते. पण मला मागता येत नव्हते. वाटीभर विरजण मागणे वेगळे आणि आपले मूल सांभाळायला सांगणे वेगळे. उपकाराचे ओझे घ्यायचे नाही हे आमच्या घरातले मोठे तत्त्व, आणि नोकरी करणाऱ्या आईला तर कुणी ‘मूल दुसऱ्यांवर टाकते’ म्हणू नये याची धास्ती कायमची. शेवटी फोन केला आणि माफीची तीन वाक्ये जुळवून बोलू लागले, तर तिने मध्येच तोडले, ‘जेवते काय ती? वरणभात चालेल ना?’ आणि फोन ठेवला.

ऐरोली पुलावरून मुलुंडला, तिथून एका रिक्षात तीन अनोळखी माणसांबरोबर कशीबशी, असे करत मी रात्री सव्वानऊला सतराव्या मजल्यावर पोचले. दार उघडले ते घर मी त्याआधी कधी आतून पाहिले नव्हते. सोफ्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग, जमिनीवर खडू, टेबलावर दुपारची ताटे, आणि ती गाउनवर ओढणी घेऊन. लेक तिच्या मुलाशेजारी झोपलेली, अंगात त्याचा टीशर्ट. मला फार बरे वाटले, आणि ते केवळ लेक सुखरूप होती एवढ्यामुळे नव्हते. तोवर मला ती सगळे नीट जमवणारी बाई वाटत होती आणि तिच्यासमोर मी स्वतःला थोडी सावरूनच उभी राहत असे. तिने ढीग एका हाताने बाजूला सारला, मला बसवले आणि पिठले वाढले. त्या रात्रीनंतर मी कुणी येणार म्हणून घर आवरत नाही. निदान ती येणार असेल तर नाही.

आभार मानायचे राहूनच गेले. दुसऱ्या दिवशी पाऊस ओसरला होता, शाळेला सुट्टी होती. चार दिवसांनी गेटवर तिने प्रथमच काही मागितले. तिच्या सासऱ्यांचे डायलिसिस सुरू झाले होते, शनिवारी सकाळी तिला आणि नवऱ्याला दोघांनाही जावे लागे. मुलाला तीन-चार तास ठेवशील का, असे तिने विचारले आणि पुढे म्हणाली, ‘गेले दोन महिने विचारायचं होतं. तू फोन केलास म्हणून धीर झाला.’ मी मागितल्यामुळे तिला मागता आले. मी ज्याला ओझे म्हणत होते ते तिच्या दृष्टीने दार उघडणे होते, आणि माझ्या तत्त्वापायी ते दार दोन महिने लोटलेले राहिले होते.

सगळेच असे जुळत गेले असे नाही. पोडियमवरच्या एका आईशी माझे छान जमत होते. आमच्या मुलींचे घसरगुंडीवरून भांडण झाले, चावाचावी झाली, आणि कोण आधी चावले यावर दोन सुशिक्षित बायकांनी ग्रुपवर जो पत्रव्यवहार केला तो आठवला तरी लाज वाटते. मुली तिसऱ्या दिवशी एकत्र खेळत होत्या. आम्ही आजही लिफ्टमध्ये आकड्यांकडे बघतो. मुलांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या मैत्रीत हा धोका असतो, आणि त्याला माझ्याजवळ इलाज नाही.

नवी मैत्रीण करण्यापेक्षा जुनी राखणे मला अधिक जड गेले. माझी कॉलेजातली मैत्रीण नेरुळला राहते. २००४ मध्ये ठाणे–वाशी गाडी सुरू झाली तेव्हा आम्ही दोघी एस.वाय.ला होतो; त्याआधी ती वाशीहून कुर्ल्याला जाऊन, गाडी बदलून ठाण्याला येत असे. ती गाडी सुरू झाली हा जणू आमच्यासाठीच केलेला बेत आहे असे आम्हाला वाटले होते. तिने मूल न होऊ देण्याचे ठरवले, आणि माझी लेक झाल्यावर आमच्यात काय बिघडत गेले हे मला चार वर्षे कळले नाही. मी तिला मुलीचे फोटो पाठवत होते, ती हृदये पाठवत होती, मला वाटत होते मैत्री चालू आहे. एके दिवशी ती शांतपणे म्हणाली, ‘तुला गेल्या वर्षात मी काय केलं ते माहीत आहे का?’ मला माहीत नव्हते. तिने नोकरी बदलली होती, तिच्या वडिलांना विसरण्याचा आजार झाला होता. मी सबब सांगितली असती तर तिने ऐकूनही घेतली असती, कारण आईपणाची सबब कुणी नाकारत नाही. सबब चालते म्हणूनच ती फार वापरली जाते.

रॉबिन डनबार या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाच्या मांडणीप्रमाणे माणसाच्या सगळ्यांत आतल्या वर्तुळात साधारण पाच जण मावतात, आणि त्यांत घरचेही धरलेले असतात. लेक, नवरा, आई, बहीण असे चार झाले की एकच जागा उरते. ती नेरुळच्या मैत्रिणीची होती आणि मी तिथे झोप बसवली होती. आता महिन्यातून एका शनिवारी मी तिच्याकडे जाते, लेकीला न घेता. पहिल्यांदा घेऊन गेले होते. तिने कौतुकाने वागवले, पण परतताना आम्ही दोघी एक अक्षर बोललो नव्हतो हे ध्यानात आले. हिवाळा-उन्हाळ्यात आम्ही नेरुळच्याच टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीवर रोहित पक्षी बघायला जातो. तिच्याकडे दुर्बीण आहे. पक्षी लांबवर माना खाली घालून उभे असतात, आणि आम्ही बांधावर अर्धा-अर्धा तास काही न बोलता बसतो. तुकड्यांचा वेळ तिच्याबाबतीत चालत नाही. तिला माझे तीन सलग तास लागतात. प्रत्येक मैत्रीचे माप वेगळे असते हे शिकायला मला चाळिशी गाठावी लागली.

त्या शनिवारी घरातून निघताना मी लेकीच्या जेवणाच्या, औषधाच्या, क्लासच्या सूचना फ्रिजवर लिहून ठेवते. नवरा रविवारी मित्रांकडे जातो तेव्हा चपला घालतो आणि जातो. यावर आमचे एकदा बोलणे झाले आहे आणि सूचनांची यादी आता निम्मी झाली आहे, त्यामुळे इथे अधिक ताणत नाही.

येत्या जूनपासून मुले तिसरीत जातील. आमच्या शाळेत तिसरीपासूनचे वर्ग दुपारच्या सत्रात भरतात, म्हणजे बस साडेअकराची. तेव्हा मी ऐरोलीत असेन, आणि सतराशे चारने एका चार्टर्ड अकाउंटंटकडे नौपाड्यात नोकरी धरली आहे. मुलांना खाली सोडायला पोळ्या करणाऱ्या मावशी तयार झाल्या आहेत. गेटवरची बारा मिनिटे संपणार, तीही दोनशे तास भरण्याच्या आत, हे आम्हाला जानेवारीतच कळले. ‘रोज फोन करू’ असे ती म्हणाली नाही, मीही म्हणाले नाही, कारण दोघींनाही स्वतःची खात्री होती की करणार नाही.

त्यावर आम्ही भिशी सुरू केली आहे. दोघींची. दरमहा पाचशे रुपये. एका महिन्यात मी तिला द्यायचे, पुढच्या महिन्यात तिने मला. हे आईला फोनवर सांगितले तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला. ‘अग, ही कसली भिशी? तेच पाचशे इकडून तिकडे. चिठ्ठी कोण उचलणार?’ असे तिने विचारले. चिठ्ठी नाही, नियम एकच आहे, पैसे मोबाइलवरून पाठवायचे नाहीत, हातात द्यायचे. गेल्या महिन्यात मी नोट घेऊन सतराव्या मजल्यावर गेले ती पावणेअकराला खाली आले. या महिन्यात तिची पाळी आहे. येताना वाटी घेऊन ये, असे तिला सांगितले आहे, कारण ती सध्या तिच्याकडे आहे आणि माझे विरजण पुन्हा संपले आहे.